सड्यावरची निळाई: गोव्याच्या अंगणात निळ्या फुलांची खडकबाग

बर्फाळ पर्वतांवर, झाडे वाढायची थांबतात त्याच्याही वर, खडकांच्या फटींत उमललेल्या गडद निळ्या फुलांची छायाचित्रे पाहून आपल्या अंगणातही असा एखादा कोपरा असावा असे ज्याला वाटले नाही, असा बागवेडा माणूस मला अजून भेटलेला नाही. मलाही तसे वाटले होते आणि त्या नादात मी दोन वर्षे आणि बरेच पैसे घालवले. पहिल्या वर्षी एका विक्रेत्याकडून 'निळी पॉपी, घरगुती बागेसाठी' असे लिहिलेले पाकीट मागवले. त्यातून उगवला तो राजगिरा. दुसऱ्या वर्षी जेंशियाना अकॉलिसचे बी खात्रीच्या ठिकाणाहून मिळवले, ओलसर वाळूत मिसळून आठ आठवडे फ्रीजमध्ये ठेवले आणि जानेवारीत पेरले. अकरा रोपे आली. मार्चपर्यंत ती टवटवीत होती, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र पाने काचेसारखी पारदर्शक दिसू लागली आणि मे उजाडायच्या आत ट्रेमध्ये नुसती खडी उरली. पाणी, सावली, माती यांत कुठे चूक झाली हे शोधण्यात मी बराच काळ घालवला. चूक माझ्या हातून झालेल्या कुठल्याही कामात नव्हती, ती रोपाच्या निवडीतच होती.

ही जेंशियाना आल्प्समध्ये सुमारे १४०० ते ३००० मीटर उंचीवर वाढते. आपल्या देशातली खरी निळी पॉपी, म्हणजे मेकोनॉप्सिस ॲक्युलिॲटा, उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये ३३०० मीटरच्या आसपास आणि त्याच्याही वर दिसते. गोव्याचे सर्वांत उंच शिखर १२०० मीटरही भरत नाही आणि आपली बहुतेक अंगणे समुद्रसपाटीपासून फार तर शे-दोनशे मीटरवर आहेत. उंचीचा हा फरक झाडाला जाणवतो तो मुख्यतः रात्री. झाड दिवसा साखर बनवते आणि श्वसनासाठी ती दिवसरात्र खर्च करते. हवा जितकी उष्ण तितका हा खर्च जास्त. पर्वतावरच्या थंड रात्री तो अगदी थोडा असतो, तर गोव्यात मे महिन्याच्या रात्री पारा २५-२६ अंशांखाली उतरत नाही, म्हणून हे झाड दिवसभराची कमाई रात्रीत संपवते आणि हळूहळू उपाशी मरते. त्यावर शेडनेट चालत नाही, मातीचे माठ चालत नाहीत, सकाळ-संध्याकाळ फवारलेले गार पाणीही चालत नाही. दुसरी गोष्ट पावसाची. बर्फाखाली ही झाडे थंड असतात, पण त्यांच्या बुंध्याशी वाहते पाणी नसते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत ओततो. तेव्हा गोव्यात राहून अस्सल हिमपर्वतीय फुले लावण्याचा हट्ट सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हट्ट सोडला म्हणून निळाई सोडावी लागत नाही. पेडण्यापासून सांग्यापर्यंत गोव्यात ठिकठिकाणी जांभ्याचे सडे, म्हणजे उघड्या खडकाची पठारे, आहेत, ताळगाव-दोनापावलाचे पठार आणि वेर्ण्याचे पठारही त्याच जातीचे. मोपाच्या सड्यावर आता विमानतळ उभा आहे. नोव्हेंबरपासून मेपर्यंत हा सडा करपलेला, तव्यासारखा तापलेला असतो आणि जुलैत त्याच दगडावर बोटभर मातीत, बोटभर पाण्यात निळ्या-जांभळ्या फुलांचे गालिचे पसरतात. हिमपर्वतावरची झाडे जशी बर्फाच्या महिन्यांत झोपतात तशी सड्यावरची झाडे उन्हाच्या महिन्यांत झोपतात, कोणी बियांच्या रूपात तर कोणी कंदाच्या. थोडी माती, उघडा दगड, जोराचा वारा आणि तीन-चार महिन्यांत उगवून, फुलून, बी धरण्याची घाई ही सगळी लक्षणे दोन्हीकडे सारखीच आहेत, फक्त घड्याळ उलटे आहे. आणि मला सर्वांत आनंद देणारी गोष्ट अशी, की जेंशियानाच्या कुळातलीच एक्झॅकम नावाची निळी फुले आपल्या सड्यांच्या कडेच्या गवतात उगवतात. मी आल्प्समधून जिला बोलावत होते तिची मावसबहीण इथेच राहत होती.

जागा आणि दगड

वाफ्यासाठी अंगणातली सर्वांत उघडी जागा निवडावी. दिवसातून किमान पाच तास सूर्य हवा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वरून कशाचीही धार पडता कामा नये. माडाच्या झावळ्यांवरून ठिबकणारे पाणी आणि कौलांच्या पागोळ्या एका रात्रीत वाफ्यात खड्डा पाडतात. घराच्या दक्षिण-पश्चिमेला पावसाळी वाऱ्याचा मारा थेट येतो, म्हणून शक्य असेल तर घराची किंवा गडग्याची भिंत त्या बाजूला ठेवून पूर्वेकडे तोंड करणारा उतार घ्यावा. बहुतेक सडाफुले सकाळी उमलतात आणि दुपारी मिटतात, त्यामुळे पूर्वेच्या उन्हाचा आणखी एक लाभ आहे: सकाळचा चहा घेताना ती उघडलेली दिसतात.

दगड जांभाच घ्यावा. काळा पाषाण दिसायला भारदस्त असला तरी पाणी शोषत नाही आणि उन्हाळ्यात अधिक तापतो. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस संपल्यावरही आठ-दहा दिवस आतला ओलावा धरून ठेवतो, आणि त्याच्या खडबडीत अंगात बी अडकून आपोआप रुजते. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड पाहून १८०७ च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून 'लॅटराइट' असे नाव दिले, कारण तो जमिनीतून काढताना अवजाराने सहज कापला जातो आणि हवा लागल्यावर विटेसारखा कडक होतो. गोव्यात चिरेखाणीवर ज्याने दोन दिवस काढले आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. आपल्या कामाला अखंड, सरळ कडांचे चिरे नकोत. खाणीवर बाजूला टाकलेले, कोपरे तुटलेले, भोके पडलेले तुकडे हवेत आणि ते स्वस्तही पडतात. जुन्या पाडलेल्या घराचे चिरे मिळाले तर त्यांच्यावरचा चुना छिन्नीने पूर्ण खरवडून काढावा. सड्यावरच्या झाडांना आम्लधर्मी माती लागते आणि चुना मातीचा तो गुणच घालवतो. त्याच कारणाने दगड सिमेंटने जोडू नयेत, ते स्वतःच्या वजनावर एकमेकांत बसवावेत. रंगाचे म्हणाल तर जांभा आणि जांभळा हे शब्द एका घरचे वाटतात, आणि तांबड्या-जांभळ्या दगडाच्या पार्श्वभूमीवर निळे फूल जसे उठून दिसते तसे ते हिरवळीवर कधीच दिसत नाही.

दगड मांडताना मी एक मोठी चूक करणार होते. खडकबागेची जी माहिती मी वाचली होती तिच्यात दगड मागच्या बाजूला कलते ठेवावेत असे होते, म्हणजे पावसाचे पाणी मुळांकडे वळते. माझ्याकडे कामाला आलेल्या मेस्ताने पहिले दोन दगड तसे बसवले, मागे सरून पाहिले आणि म्हणाला, "बाय, एवढ्या पावसाचे पाणी आत घेऊन करणार काय? बाहेर घालवा." त्याचे बरोबर होते. तो नियम कमी पावसाच्या थंड देशांसाठी आहे. आपल्याकडे दगडाचा माथा किंचित पुढे, उताराकडे कललेला असावा, म्हणजे पाणी दगडावरून वाफ्याबाहेर पडते आणि मुळांना हवे तेवढे पाणी दगड आपल्या अंगातून देतच राहतो.

एकूण उंची ४५ ते ६० सेंटिमीटर पुरते. तळाशी चिऱ्यांच्या मुठीएवढ्या तुकड्यांचा २० सेंटिमीटरचा थर द्यावा, त्यावर ५ सेंटिमीटर बारीक खडी आणि मग मातीचे मिश्रण भरत जाता जाता दगड बसवावेत. प्रत्येक दगडाचा सुमारे एक तृतीयांश भाग मातीत गाडला गेला पाहिजे; नुसता वर ठेवलेला दगड पहिल्या मोठ्या पावसात हलतो आणि दिसायलाही कुणीतरी आणून टाकल्यासारखा दिसतो. मिश्रणात दोन भाग जांभ्याची ३ ते ६ मिलिमीटरची भरड, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चाळलेला पालापाचोळ्याचा कुजका खत असावा. समुद्राची वाळू मिठामुळे चालत नाही. क्रशरची वाळू वापरायची असेल तर ती पाण्यात धुवून तिची पीठासारखी भुकटी काढून टाकावी, नाहीतर तीच भुकटी पुढे सिमेंटसारखी घट्ट बसते. शेणखत, गांडूळखत, रासायनिक खत यांपैकी काहीही घालू नये. सड्यावरची माती निकस असते आणि तिथली झाडे त्या निकसपणावरच जगतात. खत घातले की त्याचा फायदा त्यांना न होता गवताला आणि रानमोडीला होतो. सगळ्यात वर २ सेंटिमीटर जाडीचा जांभ्याच्या भरडीचा थर पसरावा. यामुळे पावसाचे थेंब माती उडवत नाहीत आणि झाडाचा गळा, म्हणजे खोड मातीत शिरते ती जागा, कोरडी राहते. पावसाळ्यात रोपे मरतात ती बहुधा मुळांपासून नाही, या गळ्यापासून.

वाफ्याच्या सर्वांत खालच्या टोकाला एका मोठ्या चिऱ्यात छिन्नीने ३-४ सेंटिमीटर खोल, परातीसारखी पसरट खळगी कोरून घ्यावी. सड्यावर अशा खळग्यांत पावसाळाभर पाणी साचते आणि काही फुले फक्त तिथेच येतात. डासांची भीती रास्त आहे, म्हणून खळगी काठोकाठ भरडीने भरावी. पाणी भरडीच्या आत राहते, वर उघडे दिसत नाही आणि डासांना अंडी घालायला जागा मिळत नाही.

काय लावावे

सुरुवात विष्णुक्रांतापासून करावी. जमिनीलगत पसरणारे हे रोप, पाच ते आठ मिलिमीटरचे निळेशार फूल आणि लांब सोटमूळ घेऊन सड्यावर पायवाटेच्या कडेला सर्वत्र दिसते. त्याचे बी कठीण कवचाचे असते. सँडपेपरवर हलक्या हाताने घासून रात्रभर पाण्यात भिजवले तर उगवण चांगली होते. सोटमूळ तुटले की रोप जगत नाही, म्हणून बी जागेवरच पेरावे. ज्यांना वर्षभर फुले हवी आहेत त्यांनी याचीच ब्राझीलकडची बहीण लावावी; रोपवाटिकेत ती 'ब्लू डेझ' या नावाने मिळते. फूल विष्णुक्रांताच्या तिप्पट, रंग आकाशाचा, आणि छाटणी केली की पुन्हा जोमाने फुटते. तिचा एकच दोष: सलग झडीच्या दिवसांत मधल्या फांद्या सडतात. मेअखेरीस ती एक तृतीयांशने छाटावी म्हणजे आत हवा खेळती राहते, आणि पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, ८ ते १० सेंटिमीटरची छाटकलमे खालची पाने काढून भरडीत खोचावीत. सावलीत तीनेक आठवड्यांत मुळे धरतात. दरवर्षी अशी पाच-सहा कलमे राखीव करून ठेवली की मूळ झाड गेले तरी चिंता राहत नाही.

नभाळी ही या वाफ्याची खरी मानकरी. नावातच आकाश असलेले हे मांसल पानांचे रोप जुलै ते सप्टेंबरमध्ये फुलते. दुरून पाहिले तर निळसर-जांभळ्या धुरळ्याचा एक झुबका दिसतो, पाकळ्या जवळजवळ दिसतच नाहीत. भिंग घेऊन पाहावे: हा झुबका पुंकेसरांच्या दांड्यांवरच्या केसांचा असतो आणि प्रत्येक केस म्हणजे एकापुढे एक ओवलेल्या निळ्या मण्यांची माळ असते. एक मणी म्हणजे एक पेशी. केसांच्या या जाळ्यातून पिवळे परागकोश वर डोकावतात. मी माझ्या भाचीला पहिल्यांदा हे दाखवले तेव्हा तिने भिंग परत द्यायला पाऊण तास घेतला. नभाळीच्या कंद धरणाऱ्या जाती उन्हाळ्यात पूर्ण सुकतात आणि मृगाच्या सरींनंतर पुन्हा फुटतात. सुकलेली पाने पाहून झाड मेले असे समजून ते उपटून टाकणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. पेरापासून तोडलेली फांदी ओल्या भरडीवर नुसती ठेवली तरी रुजते, इतके हे झाड सोपे आहे.

त्याच कुळातला केना सगळ्यांना पावसाळी भाजी म्हणून ठाऊक आहे. त्याच्या फुलाचा निळा रंग माझ्या मते गोव्यात सापडणाऱ्या सर्व निळ्यांत सर्वांत शुद्ध आहे, तरीही तो वाफ्यात लावू नये. केना जमिनीवर फुलतोच, शिवाय जमिनीखालीही न उमलणारी फुले धरून तिथल्या तिथे बी तयार करतो. वरून कितीही उपटा, खालची पेरणी चालूच राहते. फारच आवडत असेल तर वेगळ्या कुंडीत, वाफ्यापासून दूर ठेवावा आणि जास्त वाढला की भाजी करावी. याच कुळातली मर्डानिया मात्र निःशंक लावावी. गवतासारखी अरुंद पाने आणि तीन पाकळ्यांची नाजूक निळी-जांभळी फुले असलेली ही झाडे खळगीच्या काठच्या ओल्या जागेत छान रमतात. सहारनपूरच्या उद्यानातील वनस्पतिसंग्रह सांभाळणाऱ्या मुर्दन अली यांच्या नावावरून या प्रजातीला नाव मिळाले आहे. वनस्पतिशास्त्रात असे नाव एखाद्या भारतीय संग्राहकाच्या वाट्याला क्वचितच आले, म्हणून मी ते रोप दाखवताना पाहुण्यांना हे आवर्जून सांगते.

आता एक्झॅकम. सड्याच्या कडेच्या गवतात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दिसणाऱ्या एक्झॅकम टेट्रागोनमचे खोड चौकोनी, पाकळ्या चार, रंग निळा-जांभळा आणि मध्यभागी पिवळे परागकोश. एक्झॅकम बायकलरच्या पांढऱ्या पाकळ्यांची टोके जणू शाईत बुडवलेली असतात. यांचे परागकोश पिठाच्या डब्यासारखे उघडत नाहीत, मिरपुडीच्या डबीसारखे टोकाच्या भोकातून पराग सांडतात. भुंगा फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हाच पराग बाहेर पडतो, आणि शांत सकाळी हा गुणगुणाट कानाला ऐकू येतो. लागवड बियांपासूनच करावी लागते. बी धुळीइतके बारीक असते, त्याला उगवायला उजेड लागतो, म्हणून ते मातीत पुरायचे नाही; चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून पहिल्या सरींनंतर भरडीवर नुसते भुरभुरवायचे आणि वरून बारीक झारीने फवारायचे. पहिली दोन पाने इतकी लहान असतात की तण समजून ती निघून जातात, म्हणून त्या जागेला चार काड्या रोवून खूण करून ठेवावी आणि महिनाभर तिथे निंदणी करू नये. हे जमेपर्यंत हौस भागवायची असेल तर सोकोत्रा बेटावरून आलेले एक्झॅकम अफाइन कुंडीत लावावे. त्याला सुवास आहे आणि ते सकाळचे कोवळे ऊन व दुपारची सावली मागते. बी पेरल्यापासून फुले यायला पाच-सहा महिने लागतात, तेव्हा ऑगस्टमध्ये छपराखाली पेरले तर जानेवारी-फेब्रुवारीत ते फुलते.

सीतेची आसवे, म्हणजे सड्यावर निळे-जांभळे गालिचे पसरणारी फुले, लावता येतात का, असे मला दरवर्षी कोणीतरी विचारते. लावता येत नाहीत. ही वनस्पती कीटकभक्षी आहे, तिला खरी मुळे नसतात. ओल्या मातीतल्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे असतात आणि पाण्यातला सूक्ष्म जीव त्यांना शिवला की हे फुगे मिलिसेकंदाच्या आत उघडून त्याला आत ओढतात. सड्यावरून उचललेला गालिच्याचा तुकडा अंगणात आणला तर तो दोन-चार दिवस फुललेला राहतो आणि मग सडतो, कारण तिथल्या पाण्याचा पातळ, सतत सरकता थर आपण आणू शकत नाही. माझ्या खळगीत पाचव्या वर्षी त्यांची सहा फुले आपोआप आली. बी वाऱ्याने आले की माझ्या चपलेच्या तळव्याने, हे सांगणे कठीण आहे. त्यानंतर एक वर्ष चुकवून ती पुन्हा आली.

खडकांच्या मागच्या बाजूला, जिथे वाफ्याला पाठराखण हवी असते, तिथे दक्षिण आफ्रिकेतून आलेला निळा चित्रक लावावा. तो दरवर्षी मार्चमध्ये निम्म्याने छाटला नाही तर सगळा वाफा झाकून टाकतो. सावलीच्या कडेला दशमुळी शोभते. आपल्या जंगलातली ही रहिवासी हिवाळ्याच्या अखेरीस फुलते, तिची फुले उमलताना निळी असतात आणि सुकता सुकता लालसर होतात, त्यामुळे एकाच तुऱ्यात दोन रंग दिसतात. पावसाळ्यातली मोकळी जागा भरायला टोरेनिया उत्तम, ती एकदा लावली की स्वतःचे बी स्वतः पेरते. हिवाळ्यासाठी लोबेलिया आहे: दिवाळीच्या सुमारास पेरावी, जानेवारीत ती दगडांवरून निळ्या झऱ्यासारखी ओघळते आणि मार्चच्या मध्यावर उकाड्याने संपते, ते निमूट मान्य करावे. गोकर्ण कितीही निळी असली तरी तिची जागा कुंपणावर. खडकबागेत ती चार महिन्यांत सगळे दगड गिळते.

रोपे कुठून आणावीत

चवथीच्या आधी माटोळीसाठी रानफळे-रानफुले गोळा करायला आपल्याकडे माणसे सड्यावर आणि रानात जातात, आणि त्या वेळी सडा नेमका ऐन फुलात असतो. मुठीने उपटून आणायचा मोह तेव्हाच होतो. बोटभर मातीचा थर उपसला गेला की त्या जागी पुन्हा माती साचायला वर्षानुवर्षे जातात, म्हणून फुलावर असलेले झाड उपटू नये. नोव्हेंबरमध्ये परत जाऊन, सुकलेल्या बोंडांतले चिमूटभर बी घ्यावे आणि बाकीचे तिथेच झटकून यावे. अपवाद एकच: बांधकामासाठी जिथे सडा फोडण्याचे काम सुरू झाले आहे, तिथून जागामालकाला विचारून नभाळीचे कंद आणि मातीसकट सपाट चिरा उचलून आणायला हरकत नाही. माझ्या वाफ्यातला सर्वांत देखणा दगड असाच, जेसीबीच्या आदल्या संध्याकाळी उचललेला आहे.

वर्षभराची कामे

वाफ्याचे बांधकाम मार्च-एप्रिलमध्ये उरकावे, म्हणजे मेअखेरच्या वळवाच्या सरींनी माती बसते आणि कुठे पोकळी राहिली आहे ते पेरणीआधीच कळते. पेरणी मृगात, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावी. २४ जूनला सांजांवच्या दिवशी पोरे विहिरीत उड्या घेतात तोवर पाऊस स्थिरावलेला असतो. त्यानंतर पेरलेले बारीक बी वाहून जाते असा माझा अनुभव आहे. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त दोन कामे असतात. एक, शेवाळ. सावलीच्या बाजूने भरडीवर हिरवा थर चढू लागला की ती वरची भरड काढून नवी पसरावी, औषध फवारू नये. दुसरे, गोगलगायी. त्या नभाळीची कोवळी टोके एका रात्रीत साफ करतात. रात्री जेवणानंतर बॅटरी घेऊन फेरी मारावी आणि त्या हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात; मीठ वाफ्यावर कधीही टाकू नये.

पाऊस गेल्यावर वाफ्याला पाणी घालण्याची घाई माणसाला आवरत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात नभाळी, मर्डानिया, एक्झॅकम पिवळी पडू लागतात आणि घरातले प्रत्येकजण झारी उचलतो. ती खाली ठेवायला लावावी. या झाडांना आता झोपायचे आहे, आणि झोपेत पाणी मिळाले तर कंद कुजतात. पाणी फक्त ब्लू डेझ, चित्रक आणि लोबेलिया यांच्या बुंध्याशी, आठवड्यातून दोनदा, तेही सकाळी द्यावे. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी मे महिन्यात विहिरीचे पाणी आधी चाखून पाहावे. ते मचूळ लागले तर नळाचे द्यावे. एप्रिल-मेमध्ये वाफ्याचा मोठा भाग नुसता तांबडा दगड आणि वाळलेल्या काड्या एवढाच दिसतो, आणि पाहुणे सहानुभूतीने विचारतात की बाग जळली का. त्या काड्याही काढू नयेत, त्यांच्यात बी असते आणि पहिला पाऊस ते स्वतः पेरतो.

थोडे बी मात्र दरवर्षी हाताने काढून ठेवावे, कारण एखाद्या वर्षी जूनमध्ये चार दिवस पाऊस पडून मग पंधरा दिवस ऊन पडते आणि उगवलेली सगळी रोपे जळतात. एक्झॅकमची बोंडे तपकिरी झाली की ती कागदाच्या पाकिटात उलटी धरून टिचकी मारावी, पाकीट दोन दिवस सावलीत वाळवावे आणि घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, तळाशी भाजलेल्या तांदळाचे चार दाणे घालून ठेवावे. डबीवर झाडाचे नाव आणि महिना लिहायला विसरू नये. मी एकदा विसरले होते, आणि सासऱ्यांनी तपकीर समजून त्यातली अर्धी चिमूट ओढली.